२^६४ − १ : संख्यापत्रिकेच्या प्रकल्प नोंदी

२ जून

संख्यापत्रिका म्हणजे एका संख्येच्या गुणधर्मांचा तपासलेला तक्ता. तिच्यासाठी संख्या ठरली: १८४४६७४४०७३७०९५५१६१५. वीस अंकी, विषम. नोंदींत तिला ‘न’ म्हणू. ^ हे घाताचे चिन्ह. आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. तपासणीच्या वेळी मात्र स्वल्पविराम काढूनच ठेवायचे, कारण तीन-तीनचे गट पाडावे लागतात आणि दोन पद्धती एकत्र आल्या की घोळ होतो.

न = १ + २ + ४ + … + २^६३. बुद्धिबळाच्या ६४ घरांवर दुपटीने ठेवलेल्या दाण्यांची बेरीज ती हीच. एदुआर ल्युका यांनी १८८३ मध्ये आणलेल्या हनोईच्या मनोऱ्यात ६४ चकत्या हलवायला कमीत कमी इतक्याच खेळ्या लागतात. सेकंदाला एक खेळी धरली तर सुमारे ५८,४५४ कोटी वर्षे. या गोष्टी सगळ्यांना ठाऊक आहेत, पत्रिकेत एका ओळीत आटोपायच्या.

पत्रिकेतले रकाने: मूळ अवयव, विभाजकांची संख्या आणि बेरीज, ऑयलरचे फाय, वर्गांच्या बेरजेतले रूप, वेगवेगळ्या पायांतले लेखन, अंकांची मोजदाद. नियम एकच: जी किंमत ज्या वाटेने काढली, ती दुसऱ्या वाटेने तपासल्याशिवाय रकान्यात उतरवायची नाही.

३ जून

पहिल्याच दिवशी साठवणुकीत चूक झाली. न ही ६४ बिटांच्या अनसाइन्ड (ऋण चिन्ह नसलेल्या) पूर्णांकात मावणारी सर्वांत मोठी संख्या, म्हणजे ती अगदी काठावर बसलेली आहे आणि काठावरच बहुतेक साधने घसरतात. आज आढळलेले प्रकार:

डबल प्रकारच्या फ्लोटमध्ये (संगणकातल्या दशांश संख्येत) ५३ सार्थ बिटे असतात. २^६३ ते २^६४ या पट्ट्यात लागोपाठच्या दोन फ्लोट किमतींत २०४८चे अंतर पडते. त्यामुळे न फ्लोटमध्ये घातली की ती जवळच्या २^६४ वर, म्हणजे १८४४६७४४०७३७०९५५१६१६ वर जाते. शेवटचा अंक ५चा ६ होतो, विषमची सम होते, ५ने भाग जाणे बंद होते. फरक एकाचा असला तरी गुणधर्मांचा अख्खा तक्ता बदलतो.

जावास्क्रिप्टमध्ये साधी संख्या म्हणून लिहिली तर छापून येते १८४४६७४४०७३७०९५५२०००. तिथे सुरक्षित मर्यादा २^५३ − १, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९१. एक्सेल पंधरा सार्थ अंकांवर थांबते आणि पुढे शून्ये भरते: १८४४६७४४०७३७०९५०००००. हे जास्त धोक्याचे, कारण इशारा काहीच येत नाही. डेटाबेसमधला साइन्ड बिगइंट ९२२३३७२०३६८५४७७५८०७ पर्यंतच जातो, तिथे न मावतच नाही. आणि सी भाषेत साइन्ड म्हणून छापली तर −१ दिसते.

उपाय: फाइलमध्ये सगळीकडे मजकूर म्हणून, अवतरणात. गणित फक्त पायथनच्या पूर्णांकात. सीमधल्या वाचकाबद्दल एक बारकावा: मजकुरातून अनसाइन्ड ६४ बिट वाचणारे फंक्शन ओव्हरफ्लो झाला तरी हीच कमाल किंमत परत देते. म्हणजे उत्तरात न आली, तर ती खरी न आहे की एकवीस अंकी कचरा, हे नुसत्या उत्तरावरून कळत नाही. वाचण्याआधी एररनो (सीमधली चूक नोंदवणारी खूण) शून्य करून नंतर तपासणे भाग आहे.

५ जून

अवयव. संगणक लावण्याआधी कागदावर जेवढे पडतात तेवढे पाडले. घातांक ६४ हा २चा घात असल्यामुळे दोन वर्गांच्या वजाबाकीचे सूत्र पुन्हा पुन्हा लागते:

२^६४ − १ = (२^३२ + १)(२^१६ + १)(२^८ + १)(२^४ + १)(२^२ + १)(२ + १)

म्हणजे ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ × ४२९४९६७२९७. हे पहिले सहा फर्मा अंक, म्हणजे २^(२^क) + १ रूपाचे. यातले पहिले पाच मूळ आहेत. असे सगळेच अंक मूळ असावेत हा फर्मा यांचा १६४०च्या सुमाराचा अंदाज सहाव्यावर कोसळला: १७३२ मध्ये ऑयलर यांनी ४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७ हे दाखवले.

६४१ कुठून आला, हे पत्रिकेत द्यायचेच. तयार उत्तर छापण्यात मजा नाही. समजा मूळ संख्या प ही २^३२ + १ला भागते. मग प-च्या हिशेबात (प ने भागल्यावर) २^३२ ची बाकी −१, २^६४ ची बाकी १, म्हणून २ची कोटी, म्हणजे बाकी १ देणारा सर्वांत लहान घातांक, नेमकी ६४. कोटी प − १ला भागते, त्यामुळे प हा ६४क + १ या रूपाचाच हवा. ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१ या यादीत मूळ फक्त १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पाचव्या भागाकारात काम फत्ते. ल्युका यांनी १८७८ मध्ये ही अट आणखी आवळली: १२८क + १. मग उरतात २५७ आणि ६४१ एवढेच. फर्मा अंक एकमेकांशी सहमूळ (१ सोडून सामाईक विभाजक नसलेले) असतात म्हणून २५७ आपोआप बाद. पहिलाच भागाकार ६४१चा.

भागाकारसुद्धा न करता पडताळा येतो. ६४१ = ५ × २^७ + १, आणि ६४१ = ५^४ + २^४. पहिल्यावरून ५ × २^७ ची बाकी −१. दोन्हीकडे चौथा घात घेतला की ५^४ × २^२८ ची बाकी १. दुसऱ्यावरून ५^४ च्या जागी −२^४ चालते. म्हणून −२^३२ ची बाकी १, म्हणजे २^३२ + १ला ६४१ने निःशेष भाग जातो. दोन ओळींत संपते.

६ जून

६७००४१७ मूळ आहे का? ‘संगणक म्हणतो’ हे आपल्या नियमात बसत नाही. हातानेही जमते. त्याचा कोणताही मूळ विभाजक २^३२ + १लाही भागेल, म्हणून तोही १२८क + १ रूपाचा. २५८८चा वर्ग ६६९७७४४ आणि २५८९चा ६७०२९२१, म्हणजे तपास २५८८ पर्यंत पुरे. या पट्ट्यात १२८क + १ रूपाच्या वीस संख्या येतात आणि त्यांतल्या मूळ पाचच. बाक्या:

२५७ → १७०
६४१ → ४४
७६९ → १२०
११५३ → ३३४
१४०९ → ६२२

एकही शून्य नाही, ६७००४१७ मूळ. पाच भागाकारांत सिद्धता. यादी करताना १५३७ (२९ × ५३), १७९३ (११ × १६३) आणि १९२१ (१७ × ११३) या तीन मूळ असल्यासारख्या दिसतात. त्यांना भाग देऊन काही बिघडत नाही, फक्त वेळ जातो.

पूर्ण विघटन: न = ३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५५३७ × ६७००४१७. सात वेगवेगळे मूळ अवयव, प्रत्येक एकदाच. अवयव वेगवेगळे आणि त्यांची संख्या विषम, म्हणून मबियस फलनाची किंमत −१. मूळ अवयवांची बेरीज ६७६६८७७.

९ जून

दुसऱ्या वाटेची तपासणी म्हणून सरळ भागाकाराचा प्रोग्रॅम सीमध्ये लिहिला. इथे दोन सापळे.

एक, वर्गमूळ. फ्लोटने काढले तर ४२९४९६७२९६ येते, कारण आत गेलेली संख्या मुळातच २^६४ झालेली असते. खरे पूर्णांकी वर्गमूळ ४२९४९६७२९५.

दोन, फेरीची अट. ‘इ × इ ≤ न’ ही अट ६४ बिट अनसाइन्डमध्ये न साठी कधीच खोटी ठरत नाही. कमाल किमतीपेक्षा मोठे काही त्या जागेत मावतच नाही. इ जेव्हा ४२९४९६७२९६ होतो, तेव्हा इ × इ चे उत्तर शून्य येते आणि फेरी पुढे चालूच. अवयव सापडेल तसा काढून टाकत गेलो तर हे न वर दिसत नाही, कारण उरलेली संख्या झपाट्याने लहान होते. म्हणून चाचणीला २^६४ − ५९ घ्यावी, ती ६४ बिटांतली सर्वांत मोठी मूळ संख्या. तिथे चूक लगेच उघडी पडते. अट ‘इ ≤ न ÷ इ’ अशी लिहिली की प्रश्न मिटतो. त्यासाठी एक जादा भागाकार लागतो, पण बाकी काढताना भागाकार होतोच, तोच वापरावा.

दुरुस्तीनंतर ३, ५, १७, २५७, ६४१ काढून ४३९१२५२२८९२९ उरते. पुढचा अवयव ६५५३७, ही ६५४३वी मूळ संख्या. तो काढल्यावर ६७००४१७ उरते आणि ६५५३७चा वर्ग त्याहून मोठा असल्याने फेरी तिथेच थांबते. ६ जूनशी जुळले.

१० जून

मूळत्वाच्या जलद चाचण्यांबद्दल छोटी नोंद, कारण ४२९४९६७२९७ इथे मुद्दाम फसवते. पाया २ घेऊन फर्मा चाचणी (पायाचा संख्येहून एकाने लहान घात बाकी १ देतो का) केली तर ती ‘बहुधा मूळ’ सांगते: २ची कोटी ६४, आणि ६४ने २^३२ला भाग जातो. मिलर–रॅबिन ही त्याहून कडक चाचणीही पाया २ वर फसते, कारण वर्ग करत जाताना साखळीत २^३२ येतो आणि त्याची बाकी −१. चाचणी सदोष नाही. फर्मा अंकांना २ हा पाया विचारणे म्हणजे आरोपीलाच साक्षीला बोलावणे.

पाया ३ लगेच पकडतो. ३^(२^३१) ची बाकी १०३२४३०३ येते. मूळ असती तर −१ यायला हवी होती (फर्मा अंकांसाठीची पेपँची कसोटी). या बाकीचा वर्ग केला तर बाकी ३०२९०२६१६०, तीही १ नाही. हा शेवटचा वर्ग कागदावर करून पाहिला: १०३२४३०३ चा वर्ग १०६५९१२३२४३५८०९, त्यातून ४२९४९६७२९७ × २४८१७ वजा. बरोबर आहे.

१३ जून

विभाजक. सात अवयव, प्रत्येक घ्यायचा किंवा सोडायचा, म्हणून २^७ = १२८. यादी ० ते १२७ या क्रमांकांच्या सात बिटांवरून बनवली: बिट १ असेल तर तो अवयव घ्यायचा. त्यातून फुकटात एक तपासणी मिळते. क्रमांक म आणि क्रमांक १२७ − म यांचा गुणाकार नेहमी न यायला हवा. ६४ जोड्या, सगळ्या जुळल्या.

चढत्या क्रमाने लावताना यादी आधी भलतीच आली: १५ नंतर १७, मग २५७, मग ३. किमती मजकूर म्हणून ठेवल्याचा हा परिणाम. क्रम अक्षरांनुसार लागला. डावीकडे शून्ये भरून वीस-वीस अंकांच्या करून पुन्हा लावली. योग्य क्रमाची खूण: ६४वा विभाजक ४२९४९६७२९५ आणि ६५वा ४२९४९६७२९७ असलाच पाहिजे, कारण दोघांचा गुणाकार न आणि मधली ४२९४९६७२९६ सम असल्याने विभाजक होऊच शकत नाही.

बिटांशी खेळणाऱ्यांना ओळखीचे वाटेल असे काही: न ÷ ३ = ६१४८९१४६९१२३६५१७२०५, हेक्समध्ये (१६ पायाच्या लेखनात) सोळा वेळा ५. न ÷ ५ = ३६८९३४८८१४७४१९१०३२३, सोळा वेळा ३. न ÷ १७ = १०८५१०२५९२५७११५००९५, हेक्समध्ये शून्य आणि एफ आलटून पालटून. एखाद्या शब्दातली १ची बिटे मोजण्याच्या प्रसिद्ध युक्तीत वापरतात ते तिन्ही मुखवटे (ठरावीक बिटे निवडणाऱ्या संख्या) म्हणजे न चे विभाजकच.

विभाजकांची बेरीज प्रत्येक अवयवात १ मिळवून गुणाकार केल्याने येते: ४ × ६ × १८ × २५८ × ६४२ × ६५५३८ × ६७००४१८ = ३१४२१९८०९८९१८९८८८७६८. यादीतल्या १२८ संख्यांची बेरीजही हीच. स्वतः न वगळली तर १२९७५२३६९१५४८०३३७१५३, न पेक्षा कमी. म्हणून न ही न्यून संख्या. बेरजेचे न शी गुणोत्तर सुमारे १.७०३३९.

१४ जून

कालची बेरीज पत्रिकेत उतरवताना ‘…९८०९८९१८९…’च्या जागी ‘…९८०९९८१८९…’ असे पडले. नऊच्या कसोटीत ही चूक सापडत नाही: शेजारचे अंक आलटले तरी अंकांची बेरीज ११७च राहते. अकराने सापडली. ६५५३८ला ११ने भाग जातो, म्हणून सबंध गुणाकाराला जायलाच हवा. चुकीच्या संख्येत बाकी २ येते.

यापुढे प्रत्येक लांब संख्येला तीन अंकांच्या गटांची कसोटी. उजवीकडून गट पाडून आलटून पालटून अधिक-उणे करायचे: ७६८ − ८८८ + १८९ − ९८९ + ९८० − ४२१ + ३१ = −३३०. १००१ = ७ × ११ × १३ असल्यामुळे एकाच उत्तरातून तिन्ही बाक्या निघतात: ७ची ६, ११ची ०, १३ची ८. अवयवांवरून काढलेल्या बाक्याही याच. नऊची कसोटी सोबत ठेवावी, पण एकटीवर भिस्त नको.

१७ जून

फाय, म्हणजे न पर्यंतच्या किती संख्या न शी सहमूळ आहेत: २ × ४ × १६ × २५६ × ६४० × ६५५३६ × ६७००४१६ = ९२०८९८१६२८६७०४४३५२०. न च्या ०.४९९२२ पट. निम्म्याच्या इतके जवळ का, तर पाच फर्मा मूळ संख्यांचा वाटा २^३१ ÷ (२^३२ − १), जवळपास नेमका अर्धा; उरलेली तूट मुख्यतः ६४१ची.

कारमायकेल फलन, म्हणजे न शी सहमूळ प्रत्येक संख्येला बाकी १ देणारा सर्वांत लहान घातांक, १७१५३०६४९६० = २^१६ × ५ × ५२३४७. फायपेक्षा कितीतरी लहान, कारण सगळ्या अवयवांत २चे घात सामाईक आहेत.

न बाजूंची सुसम बहुभुजाकृती पट्टी-कंपासने काढता येत नाही. ६४१ आणि ६७००४१७ हे फर्मा मूळ नाहीत. पण १२८ विभाजकांपैकी ३२ असे आहेत की ज्यांत फक्त ३, ५, १७, २५७, ६५५३७ येतात. त्यांतला १ सोडला तर उरलेल्या ३१ विषम बाजूसंख्यांच्या आकृत्या काढता येतात, आणि आज माहीत असलेल्या विषम बाजूसंख्या एवढ्याच. सर्वांत मोठी ४२९४९६७२९५. हेच ३२ विभाजक चढत्या क्रमाने बायनरीत एकाखाली एक लिहिले तर पास्कलच्या त्रिकोणाच्या पहिल्या ३२ ओळी मिळतात, सम जागी ० आणि विषम जागी १ धरून. पत्रिकेत याचे चित्र द्यायचे.

लेखन: बायनरीत चौसष्ट एक, चौमानात बत्तीस तीन, हेक्समध्ये सोळा एफ, अष्टमानात १ आणि मग एकवीस सात (६४ला ३ने भाग जात नाही, तो उरलेला १ पुढे). दशमानात अंकांची बेरीज ८७, अंकमूळ (एकच अंक उरेपर्यंत केलेली बेरीज) ६. ४ हा अंक चार वेळा. १, ५, ७ तीनदा. ०, ६ दोनदा. ३, ८, ९ एकदा. २ एकदाही नाही. २च्या चौसष्टाव्या घाताशेजारच्या संख्येत २ नसावा, याला काही अर्थ नाही, पण लोक हेच आधी विचारतात.

१८ जून

वर्गांची बेरीज. ३ या अवयवाची ४ने भागून बाकी ३ आणि घात विषम, म्हणून दोन वर्गांत बसत नाही. बायनरीचा शेवट १११, म्हणजे ८ने भागून बाकी ७, म्हणून तीन वर्गांतही नाही. चार लागतातच, आणि चार पुरतात हे लाग्रांज यांचे १७७०चे प्रमेय. प्रत्यक्ष चार वर्ग शोधायला अंदाधुंद शोध नको, रचनाच वापरली.

न ÷ ३ मधले पाचही अवयव ‘वर्ग + १’ रूपाचे: २² + १, ४² + १, १६² + १, २५६² + १, ६५५३६² + १. दोन वर्गांच्या बेरजांचा गुणाकार पुन्हा दोन वर्गांची बेरीज असतो. जोड्या क्रमाने: (७, ६) → ८५, (१०३, १०६) → २१८४५, (२७०३३, २६४७४) → १४३१६५५७६५, आणि शेवटी अ = १७७१६०८२१४, ब = १७३५०२७०९७. मग ३(अ² + ब²) = (अ − ब)² + (अ + ब)² + अ² + ब², म्हणून

न = ३६५८१११७² + ३५०६६३५३११² + १७७१६०८२१४² + १७३५०२७०९७²

पडताळा: शेवटच्या तीन अंकांचे वर्ग ६८९ + ७२१ + ७९६ + ४०९ = २६१५, न चा शेवट ६१५. नऊच्या बाक्या ७ + ० + १ + ७, म्हणजे ६, न चीही ६. पायथनमध्ये पूर्ण बेरीज बरोबर. गुणाकार करताना मधल्या टप्प्यावर चिन्ह चुकले तरी जोडी वैध राहते, फक्त वेगळी येते. त्यामुळे दोघांचे उत्तर जुळले नाही तर आधी बेरीज तपासावी, लगेच चूक शोधू नये.

१९ जून

पत्रिका बंद. पुढची शेजारीणच घेतली आहे: २^६४ + १ = २७४१७७ × ६७२८०४२१३१०७२१, लँड्री यांचे १८८०चे विघटन. ल्युकांच्या अटीने पाहिले तर २७४१७७ = १०७१ × २५६ + १. ६४१ पहिल्याच भागाकारात हाती लागला होता. इथे यादी १०७१व्या पायरीपर्यंत जाते, म्हणून यादीतल्या संयुक्त संख्या चाळण्याचा भाग आधी लिहायचा. संख्या एका बिटाने बाहेर गेली आहे, सीचा प्रोग्रॅम १२८ बिटांवर नेल्याशिवाय चालवू नये.